भिंतीवरची खुर्ची

मिस्त्रींनी केलेली नवी खुर्ची आत्यानं पॉलिशला घेतली आणि घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पाहुणीसाठी खुर्ची झाली म्हणजे पाहुणी येणार, आणि पाहुणी येणार म्हणजे मिस्त्रींची नात गिरमिट परदेशी जाणार. होकार म्हणून आता आणखी वेगळं काय हवं?

"एवढी ठेंगणी?" खुर्चीच्या पायांवरून फडकं फिरवत आत्यानं विचारलं.

"मुलगी ठेंगणी आहे," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही तिला फोनवरच तर पाहिलंत. तेही गिरमिटच्या खांद्यावरून."

"तुझ्या वहिनीला तरी किती वेळ पाहिलं होतं?"

वहिनी, म्हणजे गिरमिटची आई, लग्नाआधी या घरात एकदाच आली होती. दारापासून खिडकीपर्यंत चालली, चहा घेतला आणि गेली. लग्न होऊन आली तेव्हा जेवणाच्या टेबलाशी तिची खुर्ची तयार होती आणि ती तिला अशी बसली, की "मला नवरा नंतर पसंत पडला, आधी खुर्ची," असं वहिनी अजून सांगते. या घरात प्रत्येकाची खुर्ची वेगळी. दुसऱ्याच्या खुर्चीत कुणी बसत नाही आणि माणसाला टेप लावायचा नाही, तो लाकडाला लावायचा, हा मिस्त्रींचा कायदा. सख्खा मुलगाही त्यांना मिस्त्रीच म्हणायचा. थोरला, म्हणजे गिरमिटचा बाप, सुतारकामाच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली काम शिकला, तिथली हाक घरी घेऊन आला आणि मग ती सुनेच्या, नातीच्या, सगळ्यांच्याच तोंडी बसली.

"मग गिरमिटला सांगू का, की तुमचं हो आहे म्हणून?" आत्यानं हळूच खडा टाकून पाहिला.

"खुर्ची पाहुणीची आहे. पाहुणी दारात उभी राहील आणि तिला बसायला जागा नसेल, असं या घरात व्हायचं नाही. होकाराचं बघू."

आत्यानं कपाळाला हात लावला, त्यामुळे कपाळालाही थोडं पॉलिश लागलं.

हे 'बघू' महिनाभर चाललं होतं. गिरमिटच्या कॉलेजचा परदेशातल्या एका कॉलेजशी करार होता: इथला एक विद्यार्थी सहा महिने तिकडे शिकणार, तिकडचा एक इथे येणार आणि दोघं एकमेकांच्या घरी राहणार. गिरमिटची निवड झाली होती. तिकडे मोठमोठ्या इमारती लाकडाच्या कशा बांधतात, हे तिला शिकायचं होतं. "लाकूड शिकायला परदेशात? आणि इथे काय आपण लोखंडाला रंधा मारतो?" असं मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले, पण ते रागानं नव्हे. राग आला असता तर गिरमिटनं भांडून घेतलं असतं. लहानपणापासून डोक्याला भोक पडेपर्यंत प्रश्न विचारायची म्हणून तर तिला हे नाव पडलं होतं. पण 'बघू'शी भांडायचं कसं?

अट एकच होती. पाहुणीला घरात घ्यायला घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं कॉलेजच्या बाईंसमोर स्वतःच्या तोंडानं हो म्हणायला हवं. बाई रविवारी जेवायला येणार होत्या, पाहुणीला घेऊनच. एकाचाही नकार आला, तर सोमवारी गिरमिटची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार.

मिस्त्री हो का म्हणत नाहीत, ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर एक खुर्ची टांगलेली होती. लांब पायांची, उंच पाठीची, धाकट्या मुलाची. तोही परदेशी शिकायलाच गेला होता, दोन वर्षांसाठी. त्याच्या खुर्चीत चुकून कुणी बसू नये म्हणून मिस्त्रींनी भिंतीत जाड खुंटी ठोकून ती वर टांगली. धाकटा तिकडेच राहिला, तिकडेच त्याचं लग्न झालं. मध्ये एकदा आला होता, पण गाडी खाली उभी होती म्हणून त्यानं उभ्याउभ्याच चहा घेतला. खुर्ची काही खाली उतरली नाही. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि दर रविवारी सकाळी मिस्त्री त्या खुर्चीची धूळ पुसतात.

*

रविवारी दुपारी वहिनीनं टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं, ते दोनदा काढून उलटसुलट करून पाहिलं आणि थोरल्याला म्हणाली, "तुम्ही तरी आज तोंड उघडा. माझा जीव टांगणीला लागलाय."

"मी हो म्हणणारच आहे," थोरला म्हणाला, पण खिडकीबाहेर बघत. गिरमिट गेली की कारखान्यातली सगळी रेखाटनं कोण करणार, हा प्रश्न त्यालाही छळत होताच. त्यामुळे त्याचं हो अंमळ आजारी असल्यासारखं निघत होतं.

"असं म्हणणार असाल तर नका म्हणू! बाईंना वाटेल, मी तुम्हाला धमकावलंय."

"धमकावलं नाहीस का?"

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

कॉलेजच्या बाई आधी आत आल्या. बाई इतक्या बुटक्या आणि गोल होत्या, की त्यांच्यामागे कुणी उभं आहे हे लपायला जागाच नव्हती. त्यांच्यामागे पाहुणी उभी होती आणि ती संपतच नव्हती. आधी दिसला तिचा कोट, मग आणखी कोट, मग मान, आणि मग चौकटीवर कपाळ आपटू नये म्हणून वाकवलेलं, हसरं, लालबुंद डोकं.

गिरमिटनं पटकन मिस्त्रींकडे पाहिलं. आत्यानं खुर्चीकडे पाहिलं. थोरल्याला खोकला आला.

फोनवर ती एका भल्यामोठ्या सोफ्यात पाय पोटाशी घेऊन, गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढून बसली होती. कुणालाही ती चिमुरडीच वाटली असती. मिस्त्रींना तसं वाटलं तर त्यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की या घरात मिस्त्रींची नजर चुकल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं आणि अशा वेळी काय करायचं असतं ते कुणाला माहीत नव्हतं. म्हणून सगळ्यांनी जे सुचलं ते केलं, म्हणजे काहीच झालं नाही असं दाखवलं.

"या या, बसा," मिस्त्री म्हणाले आणि नवी, चकचकीत खुर्ची स्वतः ओढून पुढे केली. त्यांचा चेहरा लाकडासारखा होता. "ही तुमची."

गिरमिटनं तिला तिच्या भाषेत सांगितलं, की ही खुर्ची खास तिच्यासाठी आजोबांनी हातानं केली आहे. पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बसली. बसली म्हणजे खाली, खाली, आणखी खाली गेली, आणि शेवटी तिचे गुडघे टेबलाच्या वर येऊन सुपाच्या वाडग्याशेजारी थांबले.

"मी खूप आरामात आहे," पाहुणी म्हणाली. चार दिवस हॉस्टेलमध्ये राहून ती आपली भाषा शिकत होती आणि हे वाक्य तिनं नक्की घोकलेलं होतं.

*

जेवण सुरू झालं. वहिनीनं वाटाण्याचं सूप वाढलं, भाजलेले बटाटे वाढले, पाव फिरवला. सूप घेण्यासाठी पाहुणी गुडघे एका बाजूला वळवी, मग चमचा दुसऱ्या बाजूनं तोंडाशी नेई. एकदा गुडघा टेबलाला लागून मिठाची बाटली आडवी झाली. "मी खूप आरामात आहे," ती लगेच म्हणाली.

बाईंना आल्यागेल्यांचं स्टूल मिळालं होतं. त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते, पण त्याची त्यांना सवय दिसली. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि कामाला हात घातला. "मुलीच्या आईपासून सुरू करू या. तुमची तयारी आहे ना?"

वहिनी महिनाभर याच प्रश्नाची वाट पाहत होती. उत्तर तिनं स्वयंपाकघरात भांडी घासताना इतक्यांदा म्हटलं होतं, की शेजारणीलाही ते पाठ झालं होतं. पण तिची नजर पाहुणीवर होती. पाहुणी हनुवटीशी आलेल्या गुडघ्यांवरून बटाट्याकडे हात लांबवत होती आणि हसत होती, सगळ्यांकडे बघून हसत होती. आणि वहिनीला एकदम दुसरंच टेबल दिसलं. अनोळखी घर, अनोळखी माणसं, आणि तिथे न बसणाऱ्या खुर्चीत बसलेली आपली पोर. फोनवर विचारलं तर तीही म्हणेल, मी खूप आरामात आहे.

"मला... जरा विचार करायला हवा," वहिनी म्हणाली.

"काय?" आत्याच्या हातातला पाव बशीत पडला. "अगं वहिनी, महिनाभर तूच आमचं डोकं खाल्लंस!"

"आई!" गिरमिट ओरडली.

"ओरडू नकोस. तिकडे तुला थंडी वाजली, भूक लागली, काही टोचलं, तर तू सांगणार आहेस का कुणाला? ही बघ ना, बिचारी..." वहिनी तिथेच अडखळली, कारण पुढे बोलायचं तर खुर्चीबद्दल बोलावं लागलं असतं. सगळ्यांनी आपापल्या सुपात बघितलं. मिस्त्रींनीही.

आणि मग ज्याच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती तो थोरला बोलला. खिडकीकडे न बघता बोलला.

"कोण, आपली गिरमिट? आणि सांगणार नाही? अगं, तिसरीत असताना हिनं मुख्याध्यापकांना सांगितलं होतं, की तुमचं टेबल डुगडुगतंय, आणि पायाखाली पुठ्ठा घालून आली होती. तिकडे हिला खुर्ची टोचली, तर ही आधी त्यांना सांगेल आणि मग त्यांच्याकडून करवत मागून घेईल. मला तिची काळजी वाटत नाही. मला त्या माणसांची वाटते." तो बाईंकडे वळला. "माझं हो लिहा. कारखान्याचं मी बघतो."

गिरमिटनं बापाकडे पाहिलं. इतकी वाक्यं त्यानं एका दमात लग्नानंतर प्रथमच म्हटली असावीत, निदान वहिनीच्या चेहऱ्यावरून तरी तसंच वाटत होतं.

"माझंही हो," आत्या म्हणाली. "मी मघाशीच म्हणणार होते, पण वहिनी म्हणाली माझा पहिला नंबर."

"मी असं कधी म्हटलं?"

"आता आजोबा," बाई मिस्त्रींकडे बघून म्हणाल्या.

मिस्त्री पावाचा तुकडा मोडत होते. "बघू," ते म्हणाले.

"आज बघायलाच तर आलो आहोत," बाई गोड हसून म्हणाल्या. "उद्या जागा पुढच्या मुलाला द्यावी लागेल."

पाहुणीला भाषा कळत नव्हती, पण टेबलाभोवतीचा ताण कळत होता. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. ती अवघडून उठायला गेली, गुडघा पुन्हा टेबलावर आपटला, तिचा चेहरा वेदनेनं आक्रसला आणि ती चटकन म्हणाली, "मी खूप..."

"नाहीस!" गिरमिट म्हणाली.

ती उभी राहिली होती. तिला पक्कं माहीत होतं, की आपलं जाणं या क्षणी एका म्हाताऱ्या माणसाच्या मर्जीवर अडलं आहे आणि त्या माणसाला जे आयुष्यात कुणी सांगितलं नाही ते आपण आता सांगणार आहोत. पण बापानं तिची आत्ताच एवढी तारीफ केली होती, की आता गप्प बसणं लाजिरवाणं झालं असतं.

"मिस्त्री, खुर्ची चुकली," ती म्हणाली. "काम सुंदर आहे. पण माप चुकलं. तिला गुडघे ठेवायला जागा नाही आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती बोलत नाही. आम्हीही बोलत नाही. आपण सगळे मिळून एका पाहुण्या मुलीला छळतोय."

आत्यानं डोळे मिटून घेतले.

*

मिस्त्रींना राग आला नाही, याचं पहिलं आश्चर्य खुद्द मिस्त्रींनाच वाटलं. पोरगी दारातून वाकून आत आली तेव्हाच माप चुकल्याचं त्यांना कळलं होतं. तेव्हापासून ते एकच गोष्ट ताडून बघत होते: फोनच्या त्या एवढ्याशा काचेत माणूस पाहिला आणि मी म्हटलं, कळला. काय कळलं? सोफा कळला, ब्लँकेट कळलं. आणि दर रविवारी त्याच काचेत मी कुणाला बघतो? त्यालाही मी म्हणतो, कळलं, छान चाललंय तुझं.

"तिला म्हणावं, उभी राहा," ते म्हणाले.

पाहुणी उभी राहिली. मिस्त्री तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारून आले. तिच्या खांद्यांकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं, मान तिरकी करून पाठीचा बाक पाहिला. मग त्यांनी बाईंचं स्टूल मागितलं. बाई टुणकन खाली उतरल्या. स्टूल भिंतीशी नेऊन मिस्त्री त्यावर चढायला लागले, तसा थोरला धावला.

"मिस्त्री, मी काढतो."

"मी टांगली, मी काढतो. तू स्टूल धर."

खुर्ची खुंटीवरून निघताना थोडी अडली, मग निघाली. मिस्त्रींनी ती जमिनीवर ठेवली, पाठीला धरून जोरात हलवली, कान लावून ऐकलं. "सांधे घट्ट आहेत," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी ती टेबलाशी लावली.

पाहुणी बसली. पाय जमिनीवर सपाट, गुडघे टेबलाखाली, पाठ पाठीला टेकलेली. मग तिच्या तोंडून "आऽऽ" असा आवाज निघाला. तो कुठल्याच भाषेतला नव्हता आणि घोकलेला तर मुळीच नव्हता. टेबलाभोवती हशा पिकला. वहिनी हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता बाईंना म्हणाली, "माझंही हो. लिहून टाका, नाहीतर पुन्हा बदलेल."

पण बाईंचं लक्ष नव्हतं. स्टूल गेल्यामुळे त्या सापडेल त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि सापडली होती ती नवी, ठेंगणी. त्यांनी पाय हलवून पाहिले. पाय जमिनीला टेकत होते. "अहो," त्या हरखून म्हणाल्या, "मी जन्मभर लोंबकळत जेवले आहे. ही किती सुरेख बसते मला!"

"बघा," मिस्त्री म्हणाले, "माप बरोबरच होतं. माणूस चुकला होता. ती तुम्ही घेऊन जा."

"आणि तुमचा होकार?"

मिस्त्री नातीकडे वळले. गिरमिट अजून उभीच होती. तिची नजर भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीवर होती.

"आता माझी टांगणार का तिथे?" तिनं विचारलं. आवाज नेहमीसारखा टोकदार नव्हता.

मिस्त्री पुन्हा स्टुलावर चढले. दोन्ही हातांनी खुंटी धरली, डावीउजवीकडे हलवली, पिळली आणि ओढून काढली. थोडी माती सुपात पडली. खुंटी त्यांनी खिशात टाकली.

"कशावर टांगू?" ते म्हणाले. "तुझी खुर्ची इथेच राहील, टेबलाशी. सहा महिने मी रोज बघणार ती. परत आलीस की बसायचं आणि तिकडचे लोक सांधा कसा करतात ते मला सांगायचं. पटलं नाही तर मी वाद घालणार." मग बाईंकडे बघून, "माझं हो."

गिरमिटनं त्यांना अशी मिठी मारली, की खिशातली खुंटी दोघांनाही टोचली.

तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता, त्यामुळे कुणाचा ते विचारायची गरज नव्हती. आत्यानं तो पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि काचेत धाकट्याचा चेहरा आला, किंचित सुजलेला, वर थोडं टक्कल.

"जमले का सगळे? काय ठरलं गिरमिटचं?" तो म्हणाला आणि थबकला. "ही कोण? आणि ही... ही माझी खुर्ची आहे?"

"होती," मिस्त्री म्हणाले. "दिली."

"मग मी आलो की कुठे बसू?"

हे त्यानं हसत विचारलं, पण हसू शेवटी जरा पातळ झालं. आत्यानं थोरल्याचा हात दाबला.

"नवी करीन," मिस्त्री म्हणाले. "पण त्यासाठी तू समोर यायला हवंस. फोनवर माणूस कळत नाही मला. आजच चुकलोय, विचार हिला. तुझी पाठ आता कशी आहे, खांदे कसे आहेत, मला काय ठाऊक? इतकी वर्षं मी जुन्याच मापावर चाललोय." ते काचेकडे जरा झुकले. "ये. आणि बसायला ये. उभ्यानं चहा प्यायचा असेल तर तिथेच पी."

काचेत धाकट्यानं एकदा स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. पाहुणी काही न कळूनही हलायची थांबली होती.

"लाकूड कुठलं घ्याल?" धाकट्यानं विचारलं.

"ते तू आल्यावर ठरवू," मिस्त्री म्हणाले आणि सुपातली माती चमच्यानं बाजूला सारून जेवायला लागले.